ब्रेकचे ऑइल जाते कुठे?

बारामती तालुक्यातले कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव नीरा-बारामती रस्त्यावर आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि जवळच सोमेश्वरचा साखर कारखाना, त्यामुळे चहूकडे ऊसच ऊस. गळिताचा हंगाम संपून हाताला जरा सवड मिळाली की इथल्या तरुणांना कोकणाचे वेध लागतात. हल्ली ही मंडळी मोटारसायकलीवरच निघतात. नीरा नदी ओलांडून लोणंद, पुढे वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि महाबळेश्वर, आणि तिथून आंबेनळीच्या घाटाने थेट खाली पोलादपूर.

समजा, तुमचा थोरला भाऊ असाच निघाला आहे. मागे मित्र बसणार, शिवाय सामान. आदल्या रात्री गाडी पुसताना त्याला दोन गोष्टी दिसतात. हँडलच्या उजव्या बाजूला ब्रेकची जी चौकोनी डबी असते, तिच्या काचेत ऑइलची पातळी खालच्या खुणेला टेकली आहे. आणि चावी फिरवली की समोर एक पिवळा दिवा लागतो, तो काही विझत नाही. दादा दोन्हींचा मेळ घालतो: ऑइल कमी झाले, म्हणून दिवा लागला. तो कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणतो, डबी काठोकाठ भरतो आणि निर्धास्त झोपतो.

दादाने दोन अनुमाने काढली. ऑइल कुठेतरी वाया गेले, हे एक. आणि त्याचीच सूचना दिव्याने दिली, हे दुसरे. बहुधा दोन्ही चूक आहेत. आणि चूक अशी की, डबी भरून टाकल्यामुळे गाडी त्याला जे सांगत होती तेच पुसले गेले.

आधी ऑइलचे पाहू. गळती कुठेच नाही, जमिनीवर डाग नाही, नळी कोरडी आहे. मग ऑइल गेले कुठे? याचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो कमी न होता सर्व दिशांना सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही पाठ केलेला असतो. कारखान्यात ऊस पिळणाऱ्या गिरणीच्या वरच्या रूळावर जो प्रचंड भार ठेवावा लागतो, तो वजने ठेवून नव्हे, तर द्रवाच्या दाबानेच देतात. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी करणारा जॅकही त्याच नियमावर चालतो. वाहनाच्या ब्रेकसाठी ही युक्ती वापरण्याचे श्रेय माल्कम लॉकहीड या अमेरिकन तंत्रज्ञाकडे जाते. त्याचे काम १९१८ च्या सुमाराचे. मोटारसायकलींत मात्र ती सर्रास दिसायला बराच काळ लागला. १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० ही गाडी पुढच्या चाकाला द्रवावर चालणारा डिस्क ब्रेक लावून मोठ्या संख्येने विकायला काढली, तेव्हापासून इतरांनीही तो मार्ग धरला.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. तुम्ही बोटांनी लिव्हर ६० न्यूटन बलाने ओढली, म्हणजे साधारण ६ किलो वजन उचलण्याइतका जोर लावला. लिव्हर ही तरफ आहे. ती हे बल पाचपट करते असे धरू. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे डबीखाली असलेल्या लहान नळकांड्याच्या, दट्ट्यावर ३०० न्यूटन बल पडले. या दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. द्रवात दाब निर्माण झाला सुमारे २६ वातावरणांइतका! तो नळीतून खाली चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये जातो. तिथे ३० मिलिमीटर व्यासाचे दोन दट्टे आहेत असे समजू. त्यांचे एकूण क्षेत्रफळ १४.१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे वरच्या दट्ट्याच्या साडेबारापट. तेव्हा ब्रेकच्या पॅडवर ३,७५० न्यूटन बल पडते. चार बोटांच्या जोरावर पावणेचारशे किलोचा भार चकतीला चिमटीत धरतो.

पण फुकट काही मिळत नाही. बल साडेबारापट झाले की अंतर साडेबारापट कमी होणार. वरचा दट्ट्या एक सेंटिमीटर सरकला, तर खालचे दट्टे एक मिलिमीटरही सरकत नाहीत. म्हणून पॅड आणि चकती यांच्यात फट अगदी बारीक हवी, आणि पॅड झिजले तरी ती तेवढीच राहायला हवी. हे कसे साधतात?

कॅलिपरच्या दट्ट्याभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे बसवलेले असते. ब्रेक दाबला की दट्ट्या पुढे जातो आणि त्याला चिकटलेले कडे जरासे पिळवटते. ब्रेक सोडला की कडे आपल्या स्थितिस्थापकतेने पूर्ववत होते आणि दट्ट्याला केसभर मागे ओढते. पॅड झिजलेले असेल, तर दट्ट्याला कड्याच्या पिळापेक्षा थोडे अधिक पुढे जावे लागते. तेव्हा तो कड्यातून घसरतो, आणि परत येताना मात्र केसभरच मागे येतो. म्हणजे जितके पॅड झिजले तितका दट्ट्या कायमचा पुढे राहिला. त्याच्या पाठीमागे जी जागा रिकामी झाली, ती भरायला वरच्या डबीतून तेवढे ऑइल खाली उतरले.

आता हिशेब करा. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साडेचार मिलिमीटर होता, तो झिजून दीड झाला. म्हणजे एका पॅडचे ३ मिलिमीटर गेले. दोन्ही पॅडचे मिळून ६. सरकत्या कॅलिपरमध्ये दट्टे एकाच बाजूला असतात, त्यामुळे ही सगळी भरपाई त्यांनाच करावी लागते. १४.१ चौरस सेंटिमीटर गुणिले ०.६ सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ घन सेंटिमीटर. एवढे ऑइल डबीतून निघून खाली गेले. डबीचा तळ ५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद धरला, तर तिच्यातली पातळी सव्वाचार मिलिमीटरने खाली येणार. काचेतल्या वरच्या आणि खालच्या खुणांमधले अंतर साधारण अशाच मापाचे असते, हे ध्यानात आले का?

तर ऑइल गेलेले नाही. ते दट्ट्यांच्या पाठीशी जाऊन बसले आहे. डबीतली पातळी ही पॅडच्या झिजेची मोजपट्टी आहे.

ड्रम ब्रेक आणि डिस्क ब्रेक यांत इथे एक मोठा फरक पडतो. जुन्या गाडीचे लायनर झिजले की केबल सैल वाटे, लिव्हर जास्त दाबावी लागे, आणि मग कोणीतरी पाना घेऊन नट आवळी. झीज हाताला कळत असे. डिस्क ब्रेक आपली फट आपणच भरून काढतो, म्हणून लिव्हर शेवटपर्यंत पहिल्या दिवसासारखीच लागते. पॅडचा थर संपून लोखंडी पाठ चकतीवर खरखर घासू लागेपर्यंत हाताला काही पत्ता नसतो. अशा वेळी बोलते ती फक्त पातळी, आणि दादाने नेमकी तीच वर चढवून ठेवली.

म्हणून पातळी कमी दिसली की पहिली नजर पॅडकडे टाकावी. चकतीच्या कडेने, बॅटरी लावून, कॅलिपरच्या फटीतून पाहिले की दोन्ही बाजूंचे थर दिसतात. बहुतेक पॅडवर झिजेची खाच असते. ती पुसली गेली असेल, तर पॅड बदलायची वेळ झाली. पॅड पातळ आणि पातळीही त्या मानाने खाली, तर हिशेब जुळला. नवे पॅड घातले की दट्टे मागे ढकलले जातील आणि ऑइल आपोआप वर येईल. मधल्या काळात कोणी डबी भरून ठेवली असेल, तर तेच साडेआठ घन सेंटिमीटर ऑइल झाकणातून बाहेर येऊन पेट्रोलच्या टाकीवर ओघळते. ब्रेक ऑइल रंग खाते. तासाभरात टाकीचा रंग फुगून सुटतो. (सांडलेच, तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. ते पाण्यात विरघळते.) शिवाय काठोकाठ भरलेल्या डबीत प्रसरणाला जागा उरत नाही. ऑइल तापून फुगले आणि त्याला वर यायला वाव नसला, तर दाब खाली पॅडवर पडतो आणि कोणी न दाबताच ब्रेक लागून राहतो.

उलट, पॅड जाड आहेत आणि तरीही पातळी उतरली, तर मात्र ऑइल खरोखरच कुठेतरी जात आहे. लिव्हरच्या बुडाशी ओल, नळीच्या सांध्यावर चिकट धूळ, कॅलिपरखाली ओघळ; यांपैकी काहीतरी सापडेलच. अशी गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यावी, चालवत नेऊ नये. इथे झीज आणि गळती यांच्या वेगाचाही उपयोग होतो. झिजेने पातळी महिन्यामहिन्यांत उतरते. काल होती आणि आज नाही असे झाले, तर ती झीज नव्हे.

पातळी पाहण्यातही एक फसगत आहे, आणि ती भूमितीची आहे. साइड स्टँडवर गाडी डावीकडे साधारण दहा अंशांनी कललेली असते. डबी कलते, पण आतल्या द्रवाचा पृष्ठभाग क्षितिजसमांतरच राहतो. ५ सेंटिमीटर लांबीच्या डबीत मध्यापासून टोकापर्यंत अडीच सेंटिमीटर. त्याला दहा अंशांच्या टॅनने, म्हणजे ०.१७६ ने, गुणा: ४.४ मिलिमीटर. काच डबीच्या टोकाला असेल, तर नुसत्या कलण्याने पातळी एवढी वर किंवा खाली दिसेल. आणि पॅडच्या साऱ्या आयुष्यातला फरक किती होता? सव्वाचार मिलिमीटर! तिरक्या गाडीकडे पाहून नवे पॅड संपलेले वाटू शकतात आणि संपलेले पॅड नवे. गाडी सरळ उभी करावी, एकाने धरावी, हँडल डबी सपाट होईल इतके वळवावे, मग वाचावे. मागच्या ब्रेकची डबी पायाच्या बाजूला असते आणि तिच्यावर दोन रेषा असतात. तिलाही हाच नियम. ती नजरेआड असते म्हणून बिचारीकडे कोणी पाहतच नाही.

आता पातळी जे सांगू शकत नाही, त्याकडे वळू. आंबेनळीच्या घाटात खरा धोका त्याचाच आहे.

ब्रेक ऑइल हे मुळात ऑइलच नव्हे. खनिज तेलाशी त्याचा संबंध नाही. ते ग्लायकॉल ईथर वर्गातल्या रसायनांचे मिश्रण असते. नावाने फसून कोणी त्यात इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल ओतले, तर ब्रेकमधली रबरी कडी फुगतात आणि सारी यंत्रणा निकामी होते. ग्लायकॉल वापरण्याचे कारण असे की ते रबराला सोसते, थंडीत घट्ट होत नाही आणि बऱ्याच वरच्या तापमानाला उकळते. पण त्याला एक खोड आहे. पावसाळ्यात उघडी राहिलेली गुळाची ढेप कशी पाझरते, ते तुम्ही पाहिले असेल. हवेतली वाफ ओढून घेण्याचा गुळाचा तो गुण या द्रवातही आहे. झाकण बंद असले तरी रबरी नळ्यांच्या भिंतींतून आणि झाकण उघडले त्या त्या वेळी थोडीथोडी आर्द्रता आत शिरतच राहते. पाणी त्यात विरघळून जाते, त्यामुळे पातळीवरून काहीच समजत नाही. रंग मात्र पिवळसर होता तो तपकिरी होत जातो.

बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे लिहिलेले असते. हे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या प्रमाणाचे नाव आहे. कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असलाच पाहिजे, आणि डॉट ४ चा २३०. याच द्रवात ३.७ टक्के पाणी मिसळले, तर डॉट ३ साठी किमान मर्यादा १४० वर येते आणि डॉट ४ साठी १५५ वर. शंभरात चार भागसुद्धा पाणी नाही, आणि पंचाहत्तर अंश गेले! डॉट ५.१ ही याच जातीतली, पण आणखी वरच्या उत्कलनबिंदूची. मात्र नुसते डॉट ५ म्हणजे सिलिकोन. ते निराळेच असून यात मिसळायचे नसते. एका टिंबाच्या फरकाने दोन वेगळी रसायने ओळखायची, हे नामकरण करणाऱ्याने मोठे शहाणपण दाखवले असे मला वाटत नाही. डबीच्या झाकणावर जे छापले असेल तेच घालावे.

घाटात किती उष्णता निर्माण होते? गाडी, दोघे आणि सामान मिळून ३४० किलो धरा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. पोलादपूरपर्यंत १,२०० मीटर तरी उतरायचे. स्थितिज ऊर्जा, ३४० गुणिले ९.८ गुणिले १,२००, म्हणजे जवळजवळ ४० लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत १३ लिटर पाणी २७ अंशांपासून उकळीपर्यंत तापते. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. गाडी गिअरमध्ये असेल, तर इंजिन तिचा मोठा वाटा घेते, थोडा वाटा हवा घेते. पण पेट्रोल वाचवायचे म्हणून कोणी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरला, तर हवेच्या वाट्याचे सोडून उरलेले सगळे मूठभर आकाराच्या पॅडवर आणि पातळ चकतीवर येते. त्यातही पुष्कळ जण उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवूनच वळणामागून वळण घेतात. चकती तापते, पॅड तापते, दट्ट्या तापतो आणि शेवटी त्याच्या पाठीशी बसलेला द्रव तापतो. पॅड झिजून पातळ झालेले असेल, तर उष्णता आणखी लवकर पोचते, कारण मधला अडसर कमी झाला.

द्रव जुना, पाणी मुरलेला असेल, तर तो उकळतो. एक घन सेंटिमीटर पाण्याची साध्या दाबाखाली सोळाशे घन सेंटिमीटरांहून अधिक वाफ होते, तेव्हा थेंबभर पाणीसुद्धा पुरेसे आहे. आणि बुडबुडा झाला की पास्कल संपला, बॉइल सुरू झाला! द्रव दाबून लहान होत नाही, वायू होतो. नळीत १ घन सेंटिमीटर हवा आहे असे समजा. २६ वातावरणांचा जादा दाब पडला की ती आपल्या सत्ताविसाव्या भागाएवढी उरते, म्हणजे ०.९६ घन सेंटिमीटर जागा रिकामी झाली. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या एक सेंटिमीटर सरकला, तर ढकलतो किती? १.१३ घन सेंटिमीटर. लिव्हरची जवळजवळ सारी चाल बुडबुडा चिरडण्यातच गेली. पॅडच्या वाट्याला काही उरलेच नाही. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते आणि मुठीला जाऊन टेकते. गाडी चालूच!

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की पुरावा राहत नाही. दहा-वीस मिनिटे गाडी उभी केली की कॅलिपर थंड होतो, वाफेचे पुन्हा पाणी होते, ते द्रवात विरघळते आणि ब्रेक पूर्ववत लागू लागतो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक पाहतो तेव्हा सारे ठणठणीत असते. पातळी बरोबर, गळती नाही, दिवा नाही. घाटात लिव्हर एकदा जरी मऊ लागली, तरी द्रव पूर्ण बदलायला हवा. एरवीही बहुतेक कारखाने सुमारे दोन वर्षांनी तो बदलायला सांगतात, गाडी चालवलेली असो वा नसो. कारण पाणी मुरण्याचे काम उभ्या गाडीतही चालते. उघडून ठेवलेली अर्धी बाटलीही याच कारणाने फेकण्याच्या लायकीची.

बुडबुड्याचा हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. औषधांच्या दुकानातून कोऱ्या, सुईविना दोन पिचकाऱ्या आणा: एक २ मिलिलिटरची, एक १० मिलिलिटरची. हातभर प्लॅस्टिकच्या नळीने त्या जोडा आणि पाण्याने भरा, मात्र बुडबुडा राहू देऊ नका. मोठ्या पिचकारीचा दट्ट्या एकाने अंगठ्याने दाबून धरावा आणि दुसऱ्याने लहान पिचकारी दाबावी. लहान पिचकारीवरचा किरकोळ जोर मोठीवरच्या अंगठ्याला ऐकत नाही. मग नळीत एक मिलिलिटर हवा मुद्दाम सोडा आणि पुन्हा दाबा. हाताला जो फरक कळेल, तोच घाटातल्या लिव्हरचा.

राहिला दिवा.

मोटारींत, आणि ब्रेकच्या डबीवर ज्यांना असा स्विच बसवलेला असतो अशा इतर वाहनांत, डबीत एक तरंगता तुकडा असतो. त्याला लहानसे चुंबक चिकटवलेले. पातळी उतरली की चुंबक खाली येते आणि तळाशी बंद काचनळीत असलेल्या दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींना चिकटतात. विद्युतमंडल पुरे होते आणि लाल दिवा लागतो. वळणावर द्रव एका बाजूला लोटला गेला की हा दिवा क्षणभर लुकलुकतो. तो पातळी काठावर आल्याचा पहिला इशारा. १९७० च्या दशकातल्या काही बीएमडब्ल्यू मोटारसायकलींनाही असा दिवा होता. त्यांचा मास्टर सिलिंडर पेट्रोलच्या टाकीखाली दडवलेला असे, डोळ्यांनी पातळी दिसणे शक्य नव्हते, म्हणून दिव्याची गरज. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत डबी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते, तिला काच असते, आणि म्हणूनच तिथे पातळीचा दिवा बसवतच नाहीत.

मग दादाने पाहिलेला पिवळा दिवा कशाचा? तो एबीएसचा, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. मोटारसायकलीवर ती प्रथम १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० या गाडीवर आली. भारतात १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींच्या नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून आणि सर्वच नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली. तुमच्या शेजारी, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पियाजिओच्या कारखान्यात २०२३ पासून ॲप्रिलियाची ४५७ सीसीची मोटारसायकल तयार होऊ लागली; तिलाही ती आहे.

या यंत्रणेचे डोळे म्हणजे चाकाजवळचे संवेदक. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते आणि प्रत्येक दाता समोरून गेला की संवेदकात विजेचा एक ठोका उमटतो. चाकाचा परीघ २ मीटर आणि कड्याला ४८ दाते असतील, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला सेकंदाला २४० ठोके. एका चाकाचे ठोके एकाएकी थांबू लागले, तर ते चाक जाम होत आहे असे ओळखून यंत्रणा त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते, सेकंदात कित्येक वेळा.

आता सांगा, उभ्या गाडीत ठोके असतील का? नसणार. आणि ठोके नाहीत तोवर संवेदक चांगला आहे की तुटलेला आहे, हे यंत्रणेला कळायचे कसे? म्हणून चावी फिरवली की हा दिवा लागतो आणि गाडी थोडी चालून ताशी पाच-दहा किलोमीटरचा वेग घेईपर्यंत लागलेलाच राहतो. दादाची गाडी अंगणात उभी होती. दिवा लागला, तो लागायलाच हवा होता. उलट, चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर ते काळजीचे.

गाडी चालू लागल्यावरही तो विझला नाही, तर कारण शोधावे. फ्यूज गेला असेल. बॅटरी अशक्त असेल. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलाचा गोळा संवेदक आणि कडे यांच्यामध्ये वाळून बसलेला असतो, तो ओल्या फडक्याने पुसल्यावर काम होते. पुष्कळदा पंक्चर काढणाऱ्याने चाक परत बसवताना संवेदकाची वायर ओढली गेलेली असते. दिवा लागलेला असताना साधा ब्रेक नेहमीसारखाच लागतो. चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण तेवढे गेलेले असते. ओल्या रस्त्यावर हे तेवढेही थोडे नाही.

एक गंमत मात्र घाबरण्यासारखी नाही. साखळीला वंगण घालण्यासाठी कोणी गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन चालू करून, मागचे चाक गिअरमध्ये फिरवतो. (असे करू नये; साखळीत बोट जाते. चाक हाताने फिरवावे.) मागच्या चाकाचे ठोके भराभर येतात आणि पुढचे चाक जागेवर. यंत्रणेच्या दृष्टीने हे अशक्य आहे: एकाच गाडीचे मागचे चाक चालले आहे आणि पुढचे उभे! ती पुढच्या संवेदकाला बाद ठरवते आणि दिवा लावून ठेवते. गाडी खाली घ्यावी, चावी बंद करून पुन्हा फिरवावी आणि वीस-तीस मीटर चालवावी. दोन्ही चाकांचे ठोके जुळले की दिवा आपला आपण विझतो.